विरळ दाढी आणि ट्रान्सप्लांट: डोक्यामागचे केस गालावर आणण्याआधी

प्रश्न थोडक्यात असा आहे. वय २४. मिशी आणि हनुवटीवर केस बरे आहेत, पण मिशीची टोकं दाढीला जुळत नाहीत. उजव्या गालावर दोन जागा रिकाम्या आहेत, डाव्या गालावर नुसती लव आहे. सहा महिन्यांनी लग्न आहे. एका क्लिनिकने २,५०० ग्राफ्टची ‘फुल बिअर्ड’ सुचवली आहे (ग्राफ्ट म्हणजे एक ते चार केसांचा नैसर्गिक पुंजका). करावी का, किती ग्राफ्ट लागतील आणि नंतर वस्तरा फिरवता येईल का?

आधी थेट उत्तर. लग्नाच्या फोटोंसाठी करायचं असेल तर सहा महिने अपुरे आहेत. २,५०० ग्राफ्ट तुमच्या वर्णनाला फार जास्त आहेत. आणि उजव्या गालावरच्या त्या दोन जागा नेमक्या कशामुळे रिकाम्या आहेत हे त्वचारोगतज्ज्ञाने पाहिल्याशिवाय ग्राफ्टचा हिशोबच मांडू नका. वस्तरा पुढे नक्की फिरवता येतो.

तुम्ही ‘दोन जागा’ लिहिलंय म्हणून मला ते पाहायला हवं वाटतं. वारशाने विरळ असलेली दाढी सहसा दोन्ही गालांवर साधारण सारखी विरळ असते, तिच्या कडा पुसट असतात आणि रिकाम्या भागात बारीक लव दिसते. एकाच बाजूला, नाण्यासारखी गोल, गुळगुळीत, ठळक कडेची जागा दिसली तर ती चाई असण्याची शक्यता मोठी. चाईत शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच केसांच्या मुळांवर उठते. आरशाजवळ, खिडकीच्या उजेडात त्या जागेची कड पाहा. तिथे खाली बारीक आणि वर जाड, उद्गारचिन्हासारखे तुटके केस दिसतात का? डर्मोस्कोपखाली, म्हणजे त्वचा मोठी करून दाखवणाऱ्या भिंगाखाली, पिवळे आणि काळे ठिपके दिसले की निदान बहुतेक पक्कं होतं. त्या जागेत कधी केस होते आणि ते अचानक गेले, की तिथे कधी आलेच नव्हते, हे जुन्या फोटोंवरून शोधा. डॉक्टर पहिल्यांदा हेच विचारतील.

चाई चालू असताना लावलेले ग्राफ्ट त्याच आजाराला बळी पडतात. मागच्या डोक्यावरचे केस कायमचे गमवाल आणि गाल रिकामाच राहील. चाईवर त्या जागी ट्रायअ‍ॅमसिनोलोन या स्टेरॉइडची सूक्ष्म इंजेक्शनं देतात. चेहऱ्यासाठी ती सौम्य ठेवतात, बहुधा मिलिलिटरला २.५ मिलिग्रॅम, कारण जास्त तीव्रतेने त्वचेत खड्डा पडतो. दर चार-सहा आठवड्यांनी एक अशा काही बैठकांत बऱ्याच जणांना केस परत येतात. सुरुवातीला ते पांढरे येतात आणि पुढे काळे होतात, त्यामुळे पांढरे पाहून घाबरू नका. आजार निदान दोन वर्षं पूर्ण शांत राहिल्याशिवाय तिथे ट्रान्सप्लांट करू नये, आणि नंतरही परत येण्याचा धोका समजून घेऊनच करावा.

जागा लालसर, खाजरी, कोंड्यासारखी पापुद्रे सुटणारी असेल तर दाढीतलं गजकर्ण असू शकतं. मेडिकलमधून मिळणारी स्टेरॉइडमिश्रित ट्यूब लावून ते आणखी पसरतं, म्हणून त्वचा खरवडून बुरशीची तपासणी करून घ्या. मुरमांचे, भाजल्याचे किंवा अपघाताचे व्रण असतील तर ट्रान्सप्लांट होतं, पण व्रणात रक्तपुरवठा कमी असतो. तिथे आधी ३०-५० ग्राफ्ट लावून सहा-आठ महिने वाट पाहणं शहाणपणाचं. छातीवर, खांद्यावर, कानाच्या टोचलेल्या भोकाशी केलॉइड म्हणजे फुगीर कडक व्रण येत असतील, किंवा कोड पसरत असेल, तर चेहऱ्यावर शेकडो चिरा देण्याचा विचार सोडा.

आता वय. दाढीचे केस अँड्रोजेन या पुरुषी संप्रेरकांवर वाढतात आणि वयात आल्यावर लवेचं राठ केसांत रूपांतर हळूहळू होत राहतं. ते विशी उलटली की थांबत नाही. अनेक पुरुषांचे गाल २७-२८पर्यंत, काहींचे तिशीपर्यंत भरत जातात. विरळ दाढी असलेल्या बहुतेक तरुणांचं टेस्टोस्टेरॉन नॉर्मलच असतं. फरक असतो तो केसांच्या मुळांच्या प्रतिसादात, आणि तो वारशाने येतो. वडील, काका, मामा यांच्या विशीतल्या आणि तिशीतल्या दाढ्या पाहा, बराच अंदाज येईल. जिममध्ये कुणी दाढीसाठी टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं सुचवली तर घेऊ नका. बाहेरून संप्रेरक दिलं की शरीराचं स्वतःचं उत्पादन दबतं आणि शुक्रजंतू कमी होतात. लग्न तोंडावर असलेल्या माणसाने हे विशेष ध्यानात ठेवावं. वारंवार वस्तरा फिरवल्याने दाढी दाट होत नाही. कापलेल्या केसाचं टोक बोथट असतं म्हणून हाताला ते राठ लागतं, संख्या तेवढीच राहते. बायोटिनच्या गोळ्यांनी, कमतरता नसेल तर, दाढीला काही मिळत नाही. उलट थायरॉइडच्या काही रक्ततपासण्यांचे आकडे मात्र चुकतात.

डाव्या गालावर लव आहे हे चांगलं लक्षण आहे, कारण लव म्हणजे जिवंत मुळं. तिथे आधी मिनॉक्सिडिल वापरून पाहावं. औषधाला मान्यता डोक्याच्या टकलासाठी आहे, दाढीसाठी नाही, पण त्वचारोगतज्ज्ञ दाढीसाठी ते लिहून देतात आणि अनेकांना उपयोग होतो. ५ टक्क्यांचं द्रावण किंवा फोम, अर्धा मिलिलिटर, स्वच्छ कोरड्या गालावर, रात्री झोपण्याच्या तास-दोन तास आधी, म्हणजे उशीला पुसलं जाणार नाही. दिवसातून एकदा सुरू करा. त्वचेने मानवून घेतलं तर डॉक्टरांना विचारून दोनदा. द्रावणातल्या प्रॉपिलीन ग्लायकोलने त्वचा कोरडी होऊन सोलवटते, तसं झालं तर फोम घ्या. धडधड, पायावर किंवा डोळ्यांभोवती सूज, चक्कर यांतलं काही वाटलं की बंद करा आणि दाखवा. घरात मांजर असेल तर फार जपा, हे औषध मांजरांना विषारी आहे. हात साबणाने धुवा आणि गाल तिला चाटू देऊ नका. तान्ह्या बाळाच्या गालालाही ते लागू नये. चार-सहा महिन्यांआधी निकाल मोजू नका. वर्षभर वापरूनही जी जागा रिकामीच राहिली तेवढीच ट्रान्सप्लांटची जागा. डर्मारोलर, म्हणजे बारीक सुयांचा रोलर, घरी फिरवायचाच असेल तर त्याच दिवशी मिनॉक्सिडिल लावू नका, आणि मित्राचा रोलर कधीही वापरू नका.

ट्रान्सप्लांटमध्ये नवा केस तयार होत नाही. मानेच्या वर, दोन्ही कानांच्या मागून जाणाऱ्या पट्ट्यातला केस मुळासकट काढून गालावर लावतात. त्या पट्ट्यातले केस टक्कल पडतानाही टिकतात आणि दुसरीकडे लावले तरी आपला मूळ स्वभाव सोडत नाहीत. नॉर्मन ओरेंट्राइच यांनी १९५९ साली मांडलेल्या या तत्त्वावरच हे शास्त्र उभं आहे. पण ही ठेव मर्यादित आहे. सरासरी माणसाच्या त्या पट्ट्यातून आयुष्यभरात साधारण ५,००० ते ६,००० ग्राफ्ट सुरक्षितपणे निघतात. उद्या पुढून आणि टाळूवरून टक्कल पडलं तर ते झाकायला हे सगळे ग्राफ्टही पुरत नाहीत. चोविसाव्या वर्षी त्यातले २,५०० गालावर खर्च केले आणि पस्तिसाव्या वर्षी कपाळ मागे सरकलं, तर हातात काय उरतं? म्हणून वडील आणि आईचे वडील-भाऊ यांची टकलं पाहून घ्या आणि सर्जनला तुमच्या डोक्याचा मागचा भाग ट्रायकोस्कोपने, म्हणजे केस मोठे करून दाखवणाऱ्या भिंगाने, तपासायला सांगा. तिथलेच केस बारीक होत चालले असतील तर तो पट्टा भरवशाचा नाही. मग डोक्याचंही नको आणि दाढीचंही नको.

ग्राफ्टचा हिशोब तुम्ही स्वतः घरी करू शकता. रिकामी जागा पेनने आखा, शिंप्याच्या टेपने लांबी-रुंदी मोजा. समजा उजव्या गालावर एक जागा ३ बाय ४ सेंटीमीटर, म्हणजे १२ चौरस सेंटीमीटर, आणि दुसरी २ बाय ३, म्हणजे ६. गालावर चौरस सेंटीमीटरला २० ते ३० ग्राफ्ट लावतात. २५ धरले तर ४५० झाले. मिशीपासून हनुवटीपर्यंतचा जोड दोन्ही बाजूंना १ बाय अडीच सेंटीमीटर, तिथे जरा दाट, ३०ने धरले तर दोन्ही मिळून १५०. एकूण ६००. तुमच्या वर्णनाला हा आकडा शोभतो. २,५०० लागतात ते जवळजवळ काहीच दाढी नसलेल्या चेहऱ्यावर कल्ले, गाल, मिशी, हनुवटी सगळं उभं करायचं असतं तेव्हा. ढोबळ अंदाज हवा असेल तर पूर्ण मिशीला ३५० ते ५००, हनुवटीभोवतीच्या ‘गोटी’ दाढीला ६०० ते ७००, एका कल्ल्याला २०० ते २५०, एका गालाला ३०० ते ७००.

त्यातही सगळ्यात जास्त फरक पडतो तो मिशी-दाढीच्या जोडाने. तिथे ७५-७५ ग्राफ्ट लागले तरी चेहऱ्याची चौकट एकदम पूर्ण दिसते. गालावर दाढीची वरची रेषा मात्र उंच घेऊ नका. आजच्या फॅशनमध्ये गालाच्या हाडाजवळ कोरलेली रेषा छान वाटते, पण ते केस पुढची चाळीस-पन्नास वर्षं तिथेच उगवणार, आणि दाढी ठेवणं सोडलं तर रोज हाडापर्यंत वस्तरा मारावा लागणार. रेषा खाली, किंचित वाकडी आणि कडेला विरळ ठेवली की ती निसर्गाची वाटते. पट्टी ठेवून आखल्यासारखी कड दिसली की लोक लगेच ओळखतात.

दाढीत केस बहुतेक एकेकटे उगवतात. डोक्यावर ते दोन-तीनच्या पुंजक्यात येतात. म्हणून गालाच्या कडेला आणि मिशीत एका केसाचेच ग्राफ्ट हवेत. दोन केसांचे हनुवटीच्या मध्यात किंवा कल्ल्याच्या आतल्या भागात चालतात. तीन-चार केसांचा पुंजका गालावर लावला तर बाहुलीच्या डोक्यासारखे झुपके दिसतात. एकेरी ग्राफ्ट कमी असतील तर दुहेरी ग्राफ्ट भिंगाखाली वेगळे करता येतात. सर्जनला विचारून पाहण्यासारखा आणखी एक पर्याय आहे. जबड्याच्या खाली, गळ्यावर ज्या केसांना तुम्ही एरवी वस्तऱ्याने काढून टाकता, त्यातूनच शंभर-दोनशे ग्राफ्ट काढून जोड भरता येतो. ते मुळात दाढीचेच केस, त्यामुळे जाडी आणि राठपणा तंतोतंत जुळतो आणि डोक्यामागची ठेव शाबूत राहते. गळ्यावर बारीक पांढरे ठिपके उरू शकतात, एवढीच किंमत. डोक्यावरून आणलेला केस महिन्याला साधारण एक सेंटीमीटर वाढत राहतो, तो दाढीच्या केसापेक्षा मऊ असतो, आणि पांढराही डोक्याच्या वेळापत्रकाने होतो. दाढी आधी पिकली तर लावलेले केस तेवढे काळे उठून दिसतील, हे माहीत असू द्या.

आता प्रत्यक्ष दिवस. तीन-पाच दिवस दाढी न करता जा. खुंट असले की सर्जनला प्रत्येक जागेवर केस कुठल्या दिशेला झोपतो ते दिसतं, गुळगुळीत गालावर ते अंदाजाने ठरवावं लागतं. आखणी तुम्हाला बसवून, आरसा हातात देऊन व्हायला हवी, कारण आडवं झालं की गालाची कातडी कानाकडे सरकते आणि रेषा बदलते. आखणीचा फोटो मागून घ्या. आधीच्या आठवड्यात हिमोग्लोबिन, साखर, रक्त गोठण्याचा वेळ, एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी या तपासण्या होतात. सिगारेट, तंबाखू, गुटखा निदान दोन आठवडे आधी आणि दोन आठवडे नंतर बंद. निकोटीनने बारीक रक्तवाहिन्या आवळल्या जातात आणि ग्राफ्ट उपाशी मरतात. तंबाखूची गोळी ओठात धरणाऱ्याच्या मिशी-हनुवटीच्या ग्राफ्टना तर दुहेरी त्रास. हृदयासाठी अ‍ॅस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल अशी रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू असेल तर हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते थांबवू नका.

भूल स्थानिक असते, लिग्नोकेन आणि अ‍ॅड्रेनलिनची. इथे एक हिशोब रुग्णालाही माहीत असावा. अ‍ॅड्रेनलिनसह लिग्नोकेनची मर्यादा किलोला ७ मिलिग्रॅम. ७० किलोच्या माणसाला ४९० मिलिग्रॅम. २ टक्के औषधात मिलिलिटरला २० मिलिग्रॅम असतं, म्हणजे सुमारे साडेचोवीस मिलिलिटर. दाढीच्या ट्रान्सप्लांटमध्ये डोकं आणि चेहरा दोन्ही बधिर करायचे असतात, त्यामुळे औषध विरळ करून आणि डोळ्याखालची व हनुवटीची नस नेमकी बधिर करून हा आकडा आत ठेवावा लागतो. जीभ बधिर वाटणं, तोंडात धातूची चव, कानात शिट्टी ही जास्त औषधाची पहिली खूण. तसं वाटलं की लगेच सांगा, संकोच करू नका.

डोक्यामागून ग्राफ्ट ०.८ ते ०.९ मिलिमीटरच्या गोल पंचने एकेक काढतात, त्याला एफयूई म्हणतात. दुसऱ्या पद्धतीत कातडीची पट्टी काढून टाके घालतात. ५००-६०० ग्राफ्टसाठी एफयूईच बरी, कारण टाके पडत नाहीत, आणि एवढ्यासाठी पूर्ण डोकंही भादरावं लागत नाही, लांब केसांखाली झाकेल असा एक पट्टा कापला की पुरतं. पंच केसाच्या कोनात नसला तर मूळ मधोमध चिरलं जातं. असं किती मुळांचं झालं हे चांगली टीम मोजते, तुम्ही नंतर विचारलं तर आकडा सांगता आला पाहिजे. काढलेले ग्राफ्ट थंड सलाइनमध्ये किंवा खास द्रावणात ४ अंश सेल्सिअसच्या आसपास ठेवतात. ते दिव्याखाली गॉझवर कोरडे पडले तर मिनिटांत खलास होतात. शरीराबाहेर जितका कमी वेळ तितकं बरं, चार-सहा तासांच्या आत सगळे लागायला हवेत.

खरं कसब चिरांमध्ये आहे. गालावरचा केस त्वचेला जवळजवळ लागून, १० ते १५ अंशांत झोपलेला असतो. तोच ४० अंशांत लावला की ब्रशच्या दातांसारखा उभा राहतो, आणि ते पुढे कितीही ट्रिम केलं तरी सुधारत नाही. कल्ल्यावर केस खाली जातात, मिशीत मध्यभागी सरळ खाली आणि टोकांकडे बाहेर वळतात, हनुवटीवर खाली. जबड्याच्या कडेला तर दोन-दोन सेंटीमीटरवर दिशा बदलते. चीर ०.६ ते ०.८ मिलिमीटर रुंद, ग्राफ्टच्या लांबीइतकी, म्हणजे साधारण ४-५ मिलिमीटर खोल. ग्राफ्ट त्वचेच्या पातळीला बसला पाहिजे. वर राहिला तर तिथे फरशीवरच्या खड्यासारखा उंचवटा राहतो, खोल गेला तर खळगा पडतो, आणि पूर्ण आत गाडला गेला तर पुढे त्याची गाठ होते. केसाला बाक असेल तर त्याचा कल त्वचेकडे ठेवतात. चेहऱ्याला रक्तपुरवठा भरपूर, त्यामुळे जखमा लवकर भरतात, पण काम करताना रक्त जास्त येतं आणि एक ग्राफ्ट बसवताना शेजारचा उसळून बाहेर येतो. घाई केली की हे वाढतं. ६०० ग्राफ्टना तीन-चार तास, २,०००ना सहा-आठ तास लागतात. मिशीत टोचलेलं सगळ्यात जास्त झोंबतं.

‘डीएचआय’, ‘सफायर’ ही नावं ऐकून भारावून जाऊ नका. पहिलं म्हणजे पेनसारख्या उपकरणाने ग्राफ्ट आत सोडणं, दुसरं म्हणजे चिरा देण्याच्या पात्याचा पदार्थ. दोन्ही चांगली साधनं आहेत. पण कोन हाताने ठरतो, पात्याने नाही.

हात कुणाचा, हे म्हणून विचारायचं. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२च्या सप्टेंबरमध्ये सौंदर्य शस्त्रक्रिया आणि हेअर ट्रान्सप्लांटबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत प्लास्टिक सर्जरी किंवा त्वचारोगशास्त्र अशा विषयांचं रीतसर प्रशिक्षण अपेक्षित धरलं आहे, आणि ऑनलाइन व्हिडिओ पाहून किंवा कार्यशाळेला बसून शिकणं पुरेसं नाही असं स्पष्ट म्हटलं आहे. सहायक मदत करतात, ग्राफ्ट बसवतात, ते ठीक. पण आखणी, भूल आणि चिरा डॉक्टरनेच करायच्या, आणि डॉक्टर शेवटपर्यंत इमारतीत हवा. भेटीत सरळ विचारा की माझ्या गालावरच्या चिरा कोण देणार. उत्तर ‘आमची टीम’ असं मोघम आलं तर उठा. डॉक्टरचं नाव महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेच्या किंवा आयोगाच्या नोंदणीत शोधा. ऑक्सिजन, सक्शन, हृदय बंद पडल्यास झटका देणारा डिफिब्रिलेटर, अ‍ॅड्रेनलिनचं इंजेक्शन खोलीत आहे का, तेही विचारा. २०१९ साली मुंबईत हेअर ट्रान्सप्लांटनंतर एका उद्योजकाचा मृत्यू झाला होता, त्यामुळे हे विचारताना अजिबात लाजू नका. आखाती देशांत किंवा युरोपात राहणारे आपले अनेक लोक स्वस्त पडतं म्हणून इस्तंबूलला जातात. तिथे उत्तम सर्जनही आहेत आणि परवाना नसलेले तंत्रज्ञही. शिवाय परत आल्यावर दुसऱ्या महिन्यात पू झाला तर पाहणारं कुणी जवळ नसतं.

झाल्यावर पहिले दहा दिवस सगळ्यात महत्त्वाचे. ग्राफ्ट ओढला तरी निघणार नाही इतका घट्ट व्हायला साधारण नऊ दिवस जातात. पहिल्या तीन रात्री डोकं उंच, पाठीवर झोप. प्रवासात मानेला लावतात ती उशी घेतली की कुशीवर वळता येत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ओठ आणि गाल सुजतात, ते उतरतं. पहिले तीन-चार दिवस गाल ओला करायचा नाही, डॉक्टरांनी दिलेला सलाइनचा फवारा तेवढा. मग बेबी शाम्पूचा फेस बोटांनी नुसता ठेवायचा आणि मगाने हळू पाणी सोडायचं, शॉवरची धार नाही. आठव्या-दहाव्या दिवशी खपल्या मऊ करून बोटाच्या पेराने अलगद सोडवायच्या, नखाने कधीच नाही. हनुवटी आणि मिशीत ग्राफ्ट असतील तर पाच-सहा दिवस मऊ भात, वरण, पातळ खिचडी, ताक. भाकरी कुस्करून चालेल. ऊस, पेरू, कणीस, मोठा घास, जांभई आवरत नाही इतका सिनेमा, सगळं पुढच्या आठवड्यात. स्ट्रॉने पिऊ नका, ओठांचा चंबू होतो.

दुचाकी चालवणाऱ्यांसाठी खास सूचना. हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली आणि पूर्ण चेहऱ्याच्या हेल्मेटचं अस्तर थेट गालावर घासतं. हेल्मेट काढणं हा उपाय नाही, दहा दिवस दुचाकी बंद ठेवा. जिम, पोहणं, ऊन तीन आठवडे बंद. आपल्या त्वचेत काळे डाग पटकन पडतात, त्यामुळे जखमा भरल्यावर सनस्क्रीन दोन-तीन महिने नियमित. ट्रिमर तीन-चार आठवड्यांनी, वस्तरा लाली उतरल्यावर, साधारण दीड महिन्याने. सलूनमध्ये नवं पातं डोळ्यांसमोर उघडायला सांगा.

दोन ते सहा आठवड्यांत लावलेले बहुतेक केस गळून पडतात. मूळ आत शाबूत असतं. शेजारचे तुमचे मूळ केसही थोडे गळतात आणि परत येतात. या काळात फोन करणाऱ्यांचा आवाज रडवेला असतो, पण ही नेहमीची पायरी आहे. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात बारीक केस फुटतात, सहाव्यापर्यंत निम्म्याहून जास्त दिसतात, नऊ ते बारा महिन्यांत खरा निकाल. चांगल्या हातांतही शंभरातले पाच-पंधरा उगवत नाहीत असं धरून चाला. दुसरी बैठक लागली तर दहा-बारा महिन्यांनंतरच. नवा केस त्वचेखाली अडकून दोन ते चार महिन्यांत पुटकुळ्या येतात. कोमट पाण्याचा शेक द्या, पिळू नका. पुटकुळ्यांचे गुच्छ, वाढती दुखी, ताप असेल तर त्याच दिवशी दाखवा. ओठाच्या वर किंवा डोक्यामागे काही आठवडे बधिरपणा राहतो. मागून ग्राफ्ट एकाच जागी दाट काढले असतील तर तिथे कसर लागल्यासारखं दिसतं, म्हणून ते पट्टाभर विखरून काढायला हवेत.

पैशाच्या बाबतीत दर ग्राफ्टचा आहे की केसाचा, हे लिहून घ्या. ‘३,००० केस’ म्हणजे दीड हजारच ग्राफ्ट असू शकतात. सौंदर्यासाठी केलेल्या ट्रान्सप्लांटवर जीएसटी लागतो आणि विमा मिळत नाही. जन्मजात दोष, अपघात किंवा इजेनंतर पूर्ववत करण्यासाठी असेल तर जीएसटीची सूट आहे, त्यामुळे दुभंगलेल्या ओठाच्या किंवा भाजल्याच्या व्रणावर मिशी बसवणाऱ्यांनी बिल करताना हे सांगावं.

तुमच्यापुरतं: या आठवड्यात उजव्या गालाची डर्मोस्कोपी. चाई नसली तर दोन्ही गालांवर मिनॉक्सिडिल आत्ताच सुरू करा, म्हणजे लग्नापर्यंत सहा महिने मिळतील. लग्नाआधी दोन महिने ग्राफ्ट लावून हळदीला बसू नका, लालसर, पुटकुळ्या आलेल्या गालावर हळद चोळली गेली की काय होईल ते सांगायला नको. लग्नात दोन मिलिमीटरची एकसारखी खुंट ठेवा, जोड नसलेला फारसा दिसत नाही. पुढच्या वर्षी याच महिन्यात त्याच जागा टेपने परत मोजा आणि तोपर्यंत डोक्याचे समोरचे केस कुठवर सरकलेत त्याचाही फोटो ठेवा. तेव्हाही जोड रिकामा असेल तर आधी गळ्यावरचे दीडशे ग्राफ्ट, आणि उजव्या गालाला लागतील तेवढेच डोक्यामागचे.